टॉर्क कन्व्हर्टर कितीचा घ्यायचा?

आमच्या ड्रॅग रेसच्या (सरळ पट्ट्यावरच्या पाव मैलाच्या शर्यतीच्या) गाडीत ३५० क्यूबिक इंचाचं स्मॉल ब्लॉक शेवरोले इंजिन होतं. ब्लॉक तोच ठेवून, बोअर थोडं वाढवून आणि लांब स्ट्रोकचा क्रँक टाकून आम्ही त्याचं ३८३ केलं. हेड नवे, कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आधीपेक्षा बराच मोठा. डायनोवरून (इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावरून) कागद हातात आला तेव्हा त्यावर ४५०० आरपीएमला ६३५ न्यूटन मीटर टॉर्क आणि ६००० ला साधारण ४५० हॉर्सपॉवर होती. त्यानंतर जो भेटेल तो एकच विचारायचा, "आता कन्व्हर्टर कितीचा टाकणार?" (म्हणजे किती आरपीएम स्टॉलचा; स्टॉल काय ते पुढे येतं) आणि उत्तराची वाट न बघता स्वतःचा आकडा सांगून मोकळा व्हायचा. कुणी ३५००, कुणी ४०००, एकजण तर थेट ५५००. गाडीचं वजन किती आहे, हे मात्र एकानेही विचारलं नाही.

ज्यांचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सशी फार संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लच नसतो, तेल असतं. इंजिनाला बांधलेला इम्पेलर ते तेल फेकतो, गिअरबॉक्सच्या शाफ्टवरचा टर्बाइन ते झेलतो आणि परतणाऱ्या तेलाला मधला स्टेटर पुन्हा कामाच्या दिशेला वळवतो. या वळवण्यामुळेच कन्व्हर्टर टॉर्क वाढवून देतो. टर्बाइन पूर्ण थांबलेला असताना ही वाढ सगळ्यात जास्त, म्हणजे दुपटीच्या आसपास असते. दोघांचे वेग जुळत आले की हा फायदा संपतो आणि स्टेटर आपल्या एकमार्गी क्लचवर मोकळा फिरायला लागतो. हर्मान फॉटिंगर या जर्मन इंजिनिअराने १९०५ मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं ते जहाजांसाठी, स्टीम टर्बाइनचा प्रचंड वेग प्रोपेलरला झेपेल इतका खाली आणायला. त्याच्या यंत्रावर पुढे लोक सेकंदाच्या शंभराव्या भागासाठी भांडतील, असं त्याला वाटलं नसणार.

टर्बाइन जागचा हलू दिला नाही आणि थ्रॉटल पूर्ण उघडला, तर इंजिन एका ठरावीक आरपीएमला जाऊन अडतं. तो स्टॉल. ड्रॅग रेसमध्ये याचं महत्त्व उघड आहे. मोठ्या कॅमचं इंजिन खालच्या आरपीएमला मरगळलेलं असतं. कन्व्हर्टर घट्ट, म्हणजे कमी स्टॉलचा असेल तर गाडी त्या मरगळीतूनच सुटते. सैल, म्हणजे जास्त स्टॉलचा असेल तर इंजिन आधी आपल्या जोरात येतं आणि मग गाडी निघते. सैल कन्व्हर्टरने गिअरमध्ये टाकल्यावर आयडलिंगही सुधारतं, कारण इंजिनावरचा ओढा कमी होतो. पण फार सैल असेल तर शर्यतीच्या शेवटापर्यंत तो तेलच घुसळत बसतो.

पहिलं काम मी केलं ते म्हणजे होता तोच कन्व्हर्टर नव्या इंजिनामागे लावून पाहिला. त्याच्या खोक्यावर ३००० ते ३४०० छापलेलं होतं. जुन्या ३५० च्या मागे त्याचा स्टॉल डेटा लॉगरवर (गाडीतले आकडे नोंदवणाऱ्या यंत्रावर) २९०० दिसायचा. तोच कन्व्हर्टर, पात्याला हात न लावता, ३८३ च्या मागे ३१५० ला गेला. यात चमत्कार काही नाही. तेल घुसळायला लागणारा टॉर्क आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. इंजिन जिथे तेवढाच टॉर्क देतं तिथे दोघांची गाठ पडते आणि आरपीएम थांबतो. म्हणून एका कन्व्हर्टरसाठी आरपीएमला टॉर्कच्या वर्गमुळाने भागलं की येणारा आकडा जवळपास कायम राहतो. जुनं इंजिन २९०० ला ४८० न्यूटन मीटर देत होतं. ४८० चं वर्गमूळ २१.९, त्याने २९०० ला भागलं की १३२. नवं इंजिन त्या पट्ट्यात ५७० च्या आसपास देतं. त्याचं वर्गमूळ २३.९, गुणिले १३२, म्हणजे ३१५५. कागदावरचा हिशेब आणि लॉगर यांचं इतकं जमलेलं बघून मलाच जरा बरं वाटलं.

या हिशेबात एक बारकावा आहे. इथे टॉर्कचा कमाल आकडा घ्यायचा नाही. स्टॉल जिथे पडतो त्या आरपीएमला इंजिन किती देतं, तो घ्यायचा. मोठा कॅम टाकला की कमाल टॉर्क वाढतो, पण ३००० ला कधीकधी आधीपेक्षा कमीच मिळतो. त्यामुळे "इंजिन तगडं केलं, स्टॉल आपोआप वाढेल" हे दरवेळी खरं ठरत नाही. डायनोचा कागद घेताना तळातली सगळी ओळ छापून घ्यावी. बरेच डायनोवाले ३५०० च्या पुढचाच आलेख देतात, आणि नेमकी आपल्याला हवी असलेली माहिती त्याच्या अलीकडे असते.

खोक्यावरच्या आकड्याचा अर्थही यातूनच कळतो. तो आकडा कुठल्यातरी इंजिनामागचा असतो, तुमच्या नव्हे.

शिवाय मोजायच्या पद्धतीही वेगवेगळ्या. ब्रेक दाबून हळूहळू रेस देत गेलो, तर आमची गाडी २४०० च्या आसपास मागची चाकं ढकलायला लागते. म्हणजे ब्रेक हरला, कन्व्हर्टर नाही. तो आकडा ब्रेकचा. दुसरी पद्धत, गाडी उभी असताना किंवा रांगत असताना एकदम पूर्ण थ्रॉटल मारायचा आणि इंजिन उसळून कुठे टेकतं ते बघायचं. हा फ्लॅश स्टॉल, आणि शर्यतीला खरा उपयोगी हाच. तिसरी ट्रान्सब्रेकची: गिअरबॉक्समध्ये पहिला आणि रिव्हर्स एकाच वेळी लावून आउटपुट शाफ्ट जखडायचा, आणि इंजिन पूर्ण ताकदीनिशी कन्व्हर्टरवर चढवायचं. तिन्हींचे आकडे एकाच गाडीवर काहीशे आरपीएमने वेगळे येतात. दोघेजण "माझा चार हजाराचा" म्हणत असतील तर ते बहुतेकदा वेगवेगळं काहीतरी सांगत असतात. आमचा टर्बो ३५० (हे गिअरबॉक्सचं नाव, टर्बोचार्जर नव्हे) गिअरबॉक्स ट्रान्सब्रेकविना आहे, मी पायाच्या ब्रेकवरच सुटतो. त्यामुळे मला फ्लॅशशी मतलब.

ट्रान्सब्रेकवर किंवा ब्रेकवर स्टॉल मोजणार असाल तर दोन-चार सेकंदांच्या वर थांबू नका. गाडी हलत नसते, त्यामुळे इंजिनाची सगळी ताकद त्या काही लिटर तेलात उष्णता होऊन शिरते. तेलाच्या तापमानाचा काटा बघत राहा, तो डोळ्यांदेखत चढतो.

आता खरा प्रश्न: किती हवा? सगळीकडे सांगितला जाणारा नियम असा की स्टॉल टॉर्कच्या शिखरापाशी किंवा त्याच्या थोडा खाली-वर ठेवा. नियम वाईट नाही, पण तो फक्त सुटण्याचा विचार करतो. गाडी क्वार्टर माईलमध्ये सुटते एकदा आणि गिअर बदलते दोनदा. आमच्या गाडीत पहिला गिअर ७५ किलोमीटरच्या आसपास संपतो, दुसरा १२७ ला. शर्यतीचा निम्म्याहून जास्त वेळ ती तिसऱ्यात असते. म्हणून गिअर बदलल्यावर इंजिन कुठे पडतं, हे मी आधी पाहिलं.

टर्बो ३५० चे गिअर रेशो २.५२, १.५२ आणि १. मी ६३०० ला बदलतो. कन्व्हर्टर अजिबात घसरत नाही असं धरलं, तर दुसऱ्यात पडताना इंजिन ३८०० ला आणि तिसऱ्यात पडताना ४१५० ला येईल. प्रत्यक्षात कन्व्हर्टर घसरतो आणि इंजिनाला त्याच्या वर तोलून धरतो. किती वर, ते स्टॉलवर अवलंबून. जुन्या कन्व्हर्टरने लॉगरवर ४०५० आणि ४३५० दिसत होते. म्हणजे जवळपास काहीच आधार नाही. इंजिन प्रत्येक बदलाला टॉर्कच्या शिखराखाली जायचं आणि तिथून वर चढायला वेळ खायचं. आलेखात ते स्पष्ट दिसायचं: बदलानंतर रेघ खोल पडायची आणि मग आळसावल्यासारखी वर यायची. मला ती रेघ ४५०० च्या खाली जायला नको होती. सुटतानाची गंमत त्यानंतर.

कन्व्हर्टर बांधणारे मागतात तो तक्ता भरायला घेतला. इंजिनाची क्षमता, कॉम्प्रेशन, कॅमचा ड्युरेशन (तो व्हॉल्व्ह किती वेळ उघडा ठेवतो), टॉर्क आणि पॉवर कुठल्या आरपीएमला, गिअरबॉक्स कुठला, डिफरन्शियल (मागच्या चाकांपाशीचा शेवटचा गिअर रेशो) किती, टायर केवढा, नायट्रस (ताकद वाढवायला इंजिनात सोडतात तो वायू) किंवा टर्बो आहे का, ट्रान्सब्रेक आहे का, रस्त्यावर चालवणार का. वजनाच्या रकान्याशी बहुतेक जण अंदाज ठोकतात. आम्ही गाडी काट्यावर नेली, पेट्रोल भरून आणि मी हेल्मेटसह आत बसून. १५०० किलो आलं. माझा जोडीदार १४०० धरून चालला होता. शंभर किलोने काय होतं म्हणाल, तर जड गाडी टर्बाइनला जास्त वेळ अडवून धरते आणि फ्लॅश वर जातो; हलकी गाडी आधीच निसटते आणि फ्लॅश खाली राहतो. डिफरन्शियलचंही तसंच. रेशो जितका मोठा, तितकी इंजिनाला गाडी हलकी वाटते. आमचा ४.१० आहे. तोच कन्व्हर्टर ३.२३ वर नेला तर जास्त फ्लॅश दाखवील.

तक्ता पाठवल्यावर बांधणाऱ्याचा फोन आला. पहिलाच प्रश्न, "तुम्ही सुटता किती आरपीएमला?" मी म्हटलं, दोन हजार, पायाच्या ब्रेकवर. "आणि टायर पकडतो का?" स्लिक (खाचा नसलेले रेसिंग टायर) आहेत, पकडतात. मग त्याने सांगितलं की एकाच स्टॉलचे दोन कन्व्हर्टर बांधता येतात, एक टॉर्क जास्त वाढवणारा आणि एक कमी. टायर घसरत असेल तर जास्त वाढवून उपयोग नाही, तो टॉर्क धुरात जातो. जोरदार इंजिन आणि लहान टायर असलेल्या गाड्यांना तो मुद्दाम कमी वाढवणारा स्टेटर देतो. माझ्या गाडीला ती गरज नव्हती. मी त्याला गिअर बदलल्यावरच्या पडझडीचे आकडे वाचून दाखवले तेव्हा तो म्हणाला, "हे लोक मला कधी सांगतच नाहीत. सगळ्यांना फक्त चाक हवेत उचलायचं असतं."

मी ४००० च्या थोडं वर म्हणत होतो. त्याने माझ्या टॉर्कच्या ओळीवरून ४२०० फ्लॅश धरला आणि १० इंची बांधायचं ठरवलं. व्यास हा इथला सगळ्यात मोठा हत्यार. तेल घुसळायला लागणारा टॉर्क व्यासाच्या पाचव्या घाताने वाढतो, त्यामुळे एका इंचाचा फरकही प्रचंड असतो. कंपनीतून येणारे कन्व्हर्टर बहुतेक १२ इंचांच्या घरातले, रेसिंगचे १० पासून ८ पर्यंत खाली उतरतात. मग पात्यांचा कोन, स्टेटरची पाती आणि आतली अंतरं बदलून बारीक जुळवणी करतात. दोन गोष्टी मी आग्रहाने मागितल्या: पाती भट्टीत ब्रेझ केलेली (पितळेसारख्या धातूने जोडलेली) हवीत, आणि पुढच्या बाजूला फुगू नये म्हणून जाड प्लेट. आतल्या दाबाने कन्व्हर्टर फुगतो, फ्लेक्सप्लेट (त्याला क्रँकशी जोडणारी चकती) आणि क्रँक पुढे ढकलतो आणि शेवटी क्रँकला जागेवर धरणारं थ्रस्ट बेअरिंग खातो. आमच्या ताकदीला हे कदाचित जास्तच झालं असेल, पण इंजिन पुन्हा उतरवायची माझी तयारी नव्हती.

बसवण्याचा भाग कंटाळवाणा आहे, एक जागा सोडून. कन्व्हर्टरमध्ये आधी साधारण लिटरभर तेल ओतायचं, मग तो गिअरबॉक्सच्या शाफ्टवर सरकवून गोल फिरवत राहायचं. आत तीन गोष्टी जुळायच्या असतात: टर्बाइनच्या खाचा इनपुट शाफ्टवर, स्टेटरच्या खाचा आतल्या नळीवर आणि सगळ्यात शेवटी पंपाच्या गिअरचे दात. प्रत्येक वेळी तो बोटभर आत सरकतो आणि खट्ट असा बोदा आवाज येतो. दुसऱ्या खट्टला बसल्यासारखा वाटतो. मीही तिथे हात झटकणार होतो, जोडीदाराने बेलहाउसिंगवर (गिअरबॉक्सच्या पुढच्या घंटेसारख्या तोंडावर) आडवी पट्टी धरली आणि अंतर मोजून मान हलवली. पुन्हा फिरवला, थोडा हलवला आणि तिसऱ्यांदा तो आत गेला. पंपाचे दात न जुळता इंजिनाचे बोल्ट आवळले तर पंप फुटतो, कन्व्हर्टर नवा असो की जुना. गिअरबॉक्स इंजिनाला जोडल्यावर कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरायला हवा आणि फ्लेक्सप्लेटपर्यंत ओढताना ३ ते ५ मिलिमीटर सुटायला हवेत. आमचे चार सुटले.

ट्रॅकवर पहिल्या धावेत तेल तापवून घेतलं, जोर लावला नाही. त्यानंतर लॉगरवर रेघ पाहिली. मी दोन हजाराला थांबलेलो, हिरवा दिवा, थ्रॉटल पूर्ण. इंजिन सरळ ४२५० ला उसळलं, तिथे रेघ क्षणभर आडवी झाली आणि मग गाडीच्या वेगासोबत वर सरकू लागली. ती आडवी पायरी बघायला मला फार आवडते. तीच सांगते की कन्व्हर्टरने इंजिनाला धरलंय आणि टर्बाइन आत्ता निघतोय. पायरी नसेल, रेघ एका दमात वर गेली असेल, तर टायर घसरलाय.

पहिल्या ६० फुटांना जुन्या कन्व्हर्टरने १.७४ सेकंद लागायचे, आता १.५८. गिअर बदलल्यावर इंजिन ४७०० आणि ४९०० ला थांबत होतं, म्हणजे मला हवं होतं त्याच्याही वर. पूर्ण धाव ११.७२ वरून ११.४३ वर आली. शेवटचा वेग मात्र १८७ वरून १८८ झाला, बस्स. बाजूच्या गाडीवाल्याला यात गडबड वाटली, "वेळ एवढी कमी झाली आणि वेग तसाच?" पण इंजिनाची ताकद वाढलेली नाही, ती वापरायला लवकर सुरुवात झाली एवढंच. उलट शेवटचा वेग खाली आला असता तर मी हा कन्व्हर्टर परत पाठवला असता.

कन्व्हर्टर शेवटी किती घसरतोय ते काढणं सोपं आहे आणि ते प्रत्येकाने काढावं. आमच्या टायरचा घेर २.२३ मीटर. १८८ किलोमीटर वेगाला तो मिनिटाला साधारण १४०० फेऱ्या मारतो, ४.१० ने गुणलं की ५७५० आरपीएम. कन्व्हर्टर अजिबात घसरला नसता तर इंजिन इतकंच फिरलं असतं. लॉगर शेवटच्या रेषेवर ६१३० दाखवतो. फरक ३८०, म्हणजे ६ टक्क्यांच्या किंचित वर. सुटताना चार हजारांच्या वर उसळणाऱ्या कन्व्हर्टरसाठी हे चांगलं आहे. १० टक्क्यांच्या वर गेलं की मी तरी त्याला सैल म्हणेन. एक सावधगिरी: कागदावर येणारा वेग शेवटच्या ६६ फुटांतला सरासरी असतो आणि स्लिक वेगात थोडा वाढतो, त्यामुळे अर्ध्या-पाऊण टक्क्यावरून भांडू नये.

हवामानाने आकडा हलतो, तेही पाहिलं. उकाड्याच्या दिवशी हवा विरळ, इंजिन दमलेलं, आणि फ्लॅश ४१५० च्या आसपास. टॉर्क पाच टक्क्यांनी घटला तर स्टॉल अडीच टक्क्यांनी उतरतो, वर्गमुळाचा तोच हिशेब. अशा दिवशी कन्व्हर्टर खराब झाला म्हणून घाबरायचं कारण नाही. तेल मात्र बघायचं. लालसर आणि साध्या वासाचं असेल तोवर ठीक. तपकिरी होऊन जळका वास आला तर कूलर कमी पडतोय. आम्ही नव्या कन्व्हर्टरसोबत मोठा कूलर लावला, आणि तो नसता तर स्टॉल वाढवायलाच मी तयार नव्हतो.

बांधणाऱ्याने लॉगरची फाइल मागवली होती. ती बघून त्याने विचारलं, हवा असेल तर कापून ४५०० चा करून देतो, एकदा बदल फुकट आहे. कन्व्हर्टरची शिवण लेथवर कापतात, आतलं बदलतात, पुन्हा वेल्ड करून गळती आणि बॅलन्स तपासतात. जोडीदाराचा आग्रह होता, ६० फूट अजून दोन-तीन शतांश खाली येईल म्हणून. मी नाही म्हटलं. गिअर बदलल्यावर इंजिन आधीच टॉर्कच्या शिखरावर पडतंय. तिथून अजून वर नेलं तर मिळणारं थोडं, आणि शेवटच्या शंभर मीटरमध्ये घसरणीत जाणारं कदाचित जास्त. पुढे नायट्रस लावायचं ठरलंच, तर त्या टॉर्कने हाच कन्व्हर्टर आपोआप वर जाईल. तेव्हा तो फुकटचा बदल घट्ट करण्यासाठी लागेल, म्हणून तो राखून ठेवलाय.